सटलरला बाजारबुणगा म्हणावं का? फौज आणि विक्री यांच्या आसपासचे जुने इंग्रजी शब्द

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही 18व्या-19व्या शतकातल्या इंग्रज आणि अमेरिकन शिपायांची पत्रं मराठीत आणताय. त्यात सटलर, हकस्टर, चॅपमन, व्हिटलर, चँडलर असे शब्द येतात आणि कोशात बहुतेकांपुढे 'फेरीवाला', 'किरकोळ विक्रेता', 'दुकानदार' एवढंच दिलेलं असतं. म्हणून सटलरसाठी 'बाजारबुणगा' वापरावा का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय सोल्जर आणि 'विकला' या अर्थाचा सोल्ड हे शब्द एकाच मुळातून आले आहेत का, हाही प्रश्न आहे.

दोन्हींना माझं उत्तर 'नाही' असंच आहे. पण का नाही हे सविस्तर सांगते, कारण कारण कळलं तर पुढचे पन्नास शब्द तुम्ही स्वतःच सोडवाल. अशा कागदपत्रांचा अनुवाद करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यावरून सांगते, इथे कोश कमी पडत नाही. अडचण अशी की हे शब्द मालावरून पडलेले नाहीत. विकणाऱ्याचं फौजेशी नातं काय, यावरून ते पडलेले आहेत. त्याला परवानगी कोणी दिली, तो कोणाच्या शिस्तीखाली आहे, उधारी कशी वसूल करतो, छावणी हलली की तोही हलतो का? ही उत्तरं मिळाली की मराठी शब्द बहुतेक वेळा आपोआप सुचतो.

सटलरपासूनच सुरुवात करू. सटलर म्हणजे छावणीत शिपायांना खाणं, दारू आणि किरकोळ वस्तू विकणारा. हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला, 16व्या शतकाच्या अखेरीस. 1585 पासून इंग्रज फौजा डचांच्या बाजूने स्पेनविरुद्ध लढत होत्या, त्या काळातला तो शब्द. डच मूळ क्रियापदाचा अर्थ हलकीसलकी, मळकट कामं करणं असा आहे. तो वाचून अनेकांना वाटतं, 'बघा, तिरस्काराचाच शब्द आहे, मग बाजारबुणगा चपखल बसतो.' इथेच थांबा. शब्दाचं मूळ काय होतं आणि तुमच्या पत्रात त्याचा अर्थ काय आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 18व्या शतकापर्यंत सटलर हा चांगला नियमांनी बांधलेला माणूस झाला होता. ब्रिटिश फौजेच्या कायद्यात, म्हणजे आर्टिकल्स ऑफ वॉरमध्ये, त्याच्यासाठी स्वतंत्र कलमं होती. रात्री नऊनंतर, पहाटेचा नगारा होण्याआधी आणि रविवारी प्रार्थना चालू असताना त्याने शिपायांसाठी दुकान उघडं ठेवायचं नाही, दारू किंवा खाणं विकायचं नाही. मोडलं तर पुन्हा कधी हा धंदा करायला मिळणार नाही. दुसरीकडे सेनाधिकाऱ्यांवरही बंधन होतं: सटलरला दिलेल्या जागेचं अवाच्या सवा भाडं घ्यायचं नाही आणि शिपायांना चांगलं, खाण्याजोगं अन्न बाजारभावाने मिळतंय ना हे बघायचं. 1776 मध्ये अमेरिकनांनी स्वतःचे नियम केले तेव्हा ही कलमं जवळपास जशीच्या तशी उचलली.

आता बाजारबुणगे हा शब्द बघा. मराठी वाचकाच्या मनात तो आला की पानिपत येतं: फौजेबरोबर निघालेले नोकरचाकर, कुटुंबकबिला, यात्रेकरू, छोटे दुकानदार, न लढणारा सगळा लवाजमा. तो समूहवाचक शब्द आहे आणि त्यात 'उगाच वाढलेलं लोढणं' हा भाव पक्का मुरलेला आहे. सटलर मात्र एकटा, नावानिशी ओळखला जाणारा, परवानाधारक माणूस. त्याला बाजारबुणगा म्हटलंत तर पत्रलेखकाच्या मनात नसलेला तुच्छतेचा सूर तुम्ही त्याच्या तोंडी घालाल, आणि तोही एका मोठ्या पराभवाच्या आठवणीसकट. मला हे फार खटकतं. इंग्रजीत 'कॅम्प फॉलोअर्स' असा शब्द येईल तिथे बाजारबुणगे खुशाल वापरा, तिथे तो छान बसतो.

मग सटलरला काय म्हणायचं? ते कागद कुठला आणि कोणत्या सालचा आहे यावर ठरतं.

कागद अमेरिकेच्या यादवी युद्धातला, म्हणजे 1861 ते 1865 चा असेल, तर सटलर हे जवळजवळ एक पद आहे. रेजिमेंटमागे एक नेमलेला सटलर. मार्च 1862 मध्ये तिथल्या काँग्रेसने त्यासाठी वेगळा कायदाच केला. कोणता माल विकायचा याची यादी ठरवून दिली, दारू त्यातून वगळली आणि दुकानात दरपत्रक लावायला लावलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उधारीपोटी शिपायाच्या महिन्याच्या पगारातल्या जास्तीत जास्त एक षष्ठांश रकमेवरच त्याचा हक्क ठेवला. साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना 13 डॉलर होता, म्हणजे सव्वादोन डॉलरच्या आतबाहेर. पगार मात्र वेळेवर होत नसे, महिनेच्या महिने थकत असे. त्या काळात शिपायाला तंबाखू, डबाबंद फळं, पाय नावाचा गोड पदार्थ, पत्राचा कागद, वर्तमानपत्र हे सगळं सटलरच्या तंबूतून उधारीवर मिळे. सटलर स्वतःची पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची टोकनंही काढत, त्यांवर त्याचं आणि रेजिमेंटचं नाव असे आणि ती फक्त त्याच्याच दुकानात चालत. तुमच्या पत्रात 'सटलरचे चेक' किंवा 'तिकिटं' असा उल्लेख आला तर तो याचा आहे, बँकेशी त्याचा संबंध नाही.

हे सगळं माहीत असलं की शिपायांच्या पत्रांतला राग समजतो. सटलरने लुबाडलं, दुप्पट भाव लावला, रात्री पोरांनी त्याचा तंबू पाडून माल पळवला, असं त्या पत्रांत वारंवार येतं. हा राग गावच्या फेरीवाल्यावरचा राग नाही. दुसरं दुकान नाही, पगार थकलेला आहे आणि जो उधार देतो तोच पगाराच्या दिवशी टेबलापाशी उभा आहे, अशा माणसावरचा तो राग आहे. अनुवादात 'फेरीवाला' लिहिलंत की हे सगळं पुसलं जातं, कारण फेरीवाल्याकडे पाठ फिरवता येते.

म्हणून अशा मजकुरात मी 'सटलर' हा शब्दच देवनागरीत ठेवते आणि पहिल्यांदा येतो तिथे वाक्यातच त्याची ओळख करून देते: 'पलटणीचा परवानेदार दुकानदार, ज्याला सगळे सटलर म्हणत'. पुढे नुसता सटलर. वाचक दोन पानांत सरावतो. तळटीप मी शक्यतो टाळते. पत्र वाचताना नजर खाली गेली की शिपायाचा आवाज तुटतो.

अमेरिकेपुरतं आणखी एक. 1866 मध्ये काँग्रेसने सटलर ही नेमणूक रद्द केली आणि पुढच्या वर्षी ती अमलात आली. मग ठाण्याठाण्यावर 'पोस्ट ट्रेडर' आले. या नेमणुका इतक्या फायद्याच्या होत्या की 1876 मध्ये युद्धमंत्री विल्यम बेलनॅप यांच्यावर फोर्ट सिल या लष्करी ठाण्याच्या ट्रेडरशिपबद्दल पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. शिपाई मात्र सवयीने त्यालाही सटलरच म्हणत राहिले. तेव्हा 1870च्या पत्रात सटलर दिसला तर साल चुकलंय असं समजू नका. 1895 मध्ये फौजेने स्वतःची दुकानं, म्हणजे पोस्ट एक्स्चेंज, सुरू केली आणि ही खाजगी माणसं मागे पडली.

युरोपातल्या कागदांत वेगळाच पेच येतो आणि तो खास मराठीचा आहे. इंग्रजीत सटलर म्हटलं की लिंग कळत नाही. आपल्याला मात्र 'आला' की 'आली' हे ठरवावंच लागतं. सवयीने पुल्लिंग लिहू नका. युरोपीय छावण्यांत हा धंदा करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, बऱ्याचदा शिपायांच्याच बायका. फ्रेंच फौजेत तर व्हिवांदिएर किंवा कांतिनिएर म्हणून त्यांना रेजिमेंटची रीतसर परवानगी असे आणि खांद्याला ब्रँडीचं छोटं पिंप लटकवलेली त्यांची चित्रं प्रसिद्ध आहेत. क्रिमियाच्या युद्धात, 1855 मध्ये, बालाक्लाव्हाजवळ 'ब्रिटिश हॉटेल' चालवणाऱ्या जमैकाच्या मेरी सीकोल या शब्दशः अर्थाने सटलरच होत्या. त्या माल विकत, जेवण देत आणि आजारी शिपायांची शुश्रूषाही करत. क्रिमियातल्या पत्रात 'मदर सीकोल' असा उल्लेख आला तर 'सीकोलबाई' किंवा 'सीकोलआई' असं काही करा, पण 'फेरीवाली' नको. पत्रात नाव नसेल तर पुढची-मागची पानं बघा. एखादं 'तिने', 'तिचा' सापडतंच. काहीच नाही सापडलं तर 'सटलरच्या तंबूत' अशी रचना करून क्रियापदाचं लिंग टाळता येतं.

कागद हिंदुस्थानातला असेल तर माझं मत अगदी उलट आहे. इथल्या छावणीतून लिहिणारा इंग्रज बहुतेक वेळा सटलर हा शब्द वापरतच नाही. तो बझार, बन्या, ब्रिंजारी असं लिहितो. हे सगळे आपलेच शब्द आहेत, ते घरी परत आणायचे: बाजार, वाणी, वंजारी किंवा लमाण. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने 1803 च्या दख्खनच्या मोहिमेत धान्यासाठी ज्यांच्यावर भिस्त ठेवली ते बैलांचे तांडे घेऊन फिरणारे हेच लोक. ते कोणत्याही एका फौजेचे नव्हते. मोगलांना धान्य पुरवलं, मराठ्यांना पुरवलं, कंपनीलाही पुरवलं. त्यामुळे 'ब्रिंजारी' दिसला की 'सटलर' नको आणि 'बाजारबुणगे' तर नकोच. ते स्वतंत्र व्यापारी होते.

सरकारी बाजूने धान्य-शिधा पुरवणाऱ्यासाठी आपल्याकडे 'मोदी' हा नेटका शब्द आहे आणि त्याच्या कोठारासाठी 'मोदीखाना'. पुण्याच्या कॅम्पात मोदीखाना नावाची वस्ती आजही आहे. इंग्रजीत 'कमिसरियट', म्हणजे फौजेला शिधा पुरवणारं खातं, आलं की मी प्रसंग बघून 'मोदीखाना' किंवा 'रसदखातं' वापरते. छावणीलगत नेमून दिलेल्या बाजाराला 'सदर बाजार' म्हणायचे, आणि सातारा, कोल्हापूर, जालना इथे ते नाव अजून टिकून आहे. अशा शब्दांना नवं भाषांतर शोधत बसू नका.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. फौजेने खायचं कुठून, हा प्रश्न आपल्या भाषेत जुन्या काळापासून नीट मांडलेला आहे. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेलं पत्र तुम्ही वाचलं असेल. 1670च्या दशकाच्या सुरुवातीचं ते पत्र. त्यात महाराज बजावतात की शिपायांना पैसे दिलेले आहेत, तेव्हा दाणा, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला जे हवं ते बाजारात जाऊन विकत घ्यावं, रयतेला उपद्रव देऊ नये. अनुवादाला बसण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचा. छावणीतल्या खरेदी-विक्रीबद्दल मराठी गद्य किती थेट बोलू शकतं हे त्यात दिसतं, आणि तुमच्या वाक्यांना तो कस लागला तर फार बरं होईल.

आता बाकीचे शब्द. यांच्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही.

व्हिटलर हा शब्द लिहिताना त्यात एक जास्तीचा 'क' दिसतो, पण उच्चारात तो नाही. लॅटिन मूळ दाखवायला नंतर घुसवलेलं ते अक्षर आहे. शिपाई कानाला जसं ऐकू येतं तसं लिहितात, म्हणून दोन वेगळे शब्द आहेत असं वाटू शकतं. अर्थ अन्नपुरवठादार. आरमारात तर 1683 पासून 1832 पर्यंत व्हिक्चुअलिंग बोर्ड नावाचं सरकारी खातं होतं. तिथे 'रसद पुरवणारा' म्हणा. पण इंग्लंडमधल्या गावात 'लायसन्स्ड व्हिटलर' म्हणजे दारूच्या गुत्त्याचा मालक. फौजेचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

चॅपमन फार जुना. जुन्या इंग्रजीत 'चेआप' म्हणजे खरेदी-विक्री, सौदा. लंडनच्या चीपसाइड आणि ईस्टचीप या नावांत तो शिल्लक आहे, तिथे बाजार भरत. आजचा 'स्वस्त' या अर्थाचा चीप हा 'चांगला सौदा' या वाक्प्रचारातून आला. चॅपमन आधी कोणताही व्यापारी होता, नंतर गावोगाव हिंडणारा झाला. त्याला 'फेरीवाला' शोभतो, कारण तो फौजेचा नव्हेच. हकस्टरही तसाच किरकोळ विकणारा, पण त्यात घासाघीस करणारा, थोडा लबाड असा रंग आहे. छावणीच्या कडेला परवान्याशिवाय भाजी-अंडी विकायला बसलेल्यांना शिपाई हकस्टर म्हणतात. चँडलर मूळचा मेणबत्त्या करणारा, पुढे किराणा ठेवणारा. शिप चँडलर, म्हणजे जहाजांना सामान पुरवणारा, हा शब्द मुंबई बंदरात आजही चालतो, तो तसाच ठेवा.

सोल्जर आणि सोल्डचं एकदा मिटवू. 'विकणं' या अर्थाचं इंग्रजी क्रियापद जर्मानिक आहे आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता 'देणं, हवाली करणं' असा होता. सोल्जर आला फ्रेंचमधून, आणि त्यामागे आहे सोलिडस हे रोमन सोन्याचं नाणं. सम्राट कॉन्स्टंटाइनने ते पाडलं, एका रोमन पौंड सोन्यात 72. त्यावरून पगाराचा अर्थ आला आणि पगार घेऊन लढणारा तो सोल्जर. म्हणजे दोघांत पैसा आहे, पण नातं नाही. रोमन शिपायांना पगार मिठात मिळायचा ही गोष्ट मात्र अनुवादाच्या प्रस्तावनेत घालू नका. सॅलरी या शब्दाचं मिठाशी नातं आहे एवढं खरं, पण मिठात पगार दिल्याचा थेट पुरावा प्राचीन ग्रंथांत नाही. आपल्याकडेही पैशाच्या व्यवहारावरून शिपायाचे प्रकार ठरलेच होते. स्वतःचा घोडा आणून लढतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. 'फ्रीलान्स' हा 19व्या शतकाच्या सुरुवातीचा शब्द आधी भाड्याने लढणाऱ्या भालाइतासाठीच होता. मध्ययुगीन संदर्भात तो आला तर शिलेदार ठेवायचा मोह होईल, पण शिलेदार एका धन्याशी बांधलेला असू शकतो. तिथे 'भाडोत्री भालाईत' म्हणणं बरं.

विक्रीशी जोडलेल्या दोन जागा मात्र मला सगळ्यात जास्त काळजीच्या वाटतात, कारण तिथे वाक्य सोपं दिसतं आणि अर्थ पार उलटा होतो.

पहिली जागा: 'कॅप्टन अमुक यांनी गेल्या वसंतात सेल आउट केलं.' आजच्या इंग्रजीच्या सवयीने वाचलं तर कॅप्टन फितूर झाला असं वाटेल. ब्रिटिश फौजेत 1871 पर्यंत पायदळ आणि घोडदळातली अधिकाऱ्यांची पदं विकत घेतली जात. पायदळातल्या एन्साइनच्या, म्हणजे सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्याच्या, पदाची 19व्या शतकातली अधिकृत किंमत 450 पौंड आणि लेफ्टनंट कर्नलची 4,500 पौंड होती. नोकरी सोडताना अधिकारी ते पद विकून टाकी. म्हणजे वाक्याचा अर्थ इतकाच की कॅप्टनने आपलं पद विकून फौज सोडली. त्यात कसलाही डाग नाही. ही पद्धत राजाच्या फौजेतली. कंपनीच्या फौजेत पदं अशी अधिकृतपणे विकली जात नसत. म्हणून पत्र कोणत्या फौजेतल्या माणसाचं आहे हे आधी बघा.

दुसरी जागा टॅटू. 'टॅटू झाल्यावर सटलरचा तंबू बंद झाला' असं वाक्य आलं तर गोंदण डोळ्यांपुढे आणू नका. गोंदणाचा टॅटू पॉलिनेशियातून आलेला आहे. हा डच आहे आणि त्याचा अर्थ 'पिंपाचा नळ बंद करा' असा. संध्याकाळी नगारा वाजे आणि दारू विकणाऱ्यांनी विक्री थांबवून शिपायांना परत पाठवायचं असे. मी तिथे 'रात्रीचा नगारा' लिहिते. त्या वाक्यात सटलर आणि नगारा शेजारी येतात हा योगायोग नाही, रात्री नऊचं जे कलम वर सांगितलं त्याचीच ती रोजची अंमलबजावणी आहे.

थोडक्यात माझा रिवाज असा. युरोप-अमेरिकेच्या कागदात सटलर तसाच, पहिल्यांदा ओळख देऊन. हिंदुस्थानच्या कागदात वाणी, मोदी, लमाण, सदर बाजार हे आपले शब्द. समूह असेल तरच बाजारबुणगे. चॅपमन आणि हकस्टर यांना फेरीवाला, पण हकस्टरच्या बाबतीत आधी परवाना आहे का बघून.

तुमच्या प्रश्नात हकस्टरचं एक वाक्य अर्धवट दिलंय. त्याच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन वाक्यं, पत्राचं साल आणि ठिकाण इथे टाका. तो छावणीच्या आत बसलाय की बाहेर, एवढं कळलं तरी शब्द ठरवता येईल.